तळ्याकाठी कुणाला सांगायचं

प्रिय ताई,

तुला पत्र लिहायची ही माझी दुसरी वेळ. पहिलं होस्टेलवरून लिहिलं होतं. त्यात फक्त स्वेटर पाठव एवढंच होतं, आणि तू स्वेटरबरोबर माझं पत्रही परत पाठवलं होतंस, शुद्धलेखनाच्या चौदा चुका लाल शाईने दाखवून. आता चाळिशी ओलांडल्यावर पुन्हा लिहायला बसलोय. फोनवर आपण आठवड्यातून दोनदा तरी बोलतो. तू विचारतेस जेवलास का, मी विचारतो भावोजींची पाठ कशी आहे, आणि मग दोघंही 'बरं, ठेवतो' म्हणतो. जे सांगायचंय ते फोनवर माझ्या तोंडून निघत नाही. तीनदा प्रयत्न केला. मागच्या रविवारी तर तुला मुद्दाम फोन लावला आणि दहा मिनिटं पाण्याच्या टाकीबद्दल बोललो. तेव्हा हे घरी एकटी असताना वाच. मधेच राग येईल. आला तर बाजूला ठेव, चहा कर, पण परत येऊन शेवटपर्यंत वाच.

भावोजी सगळ्यांना सांगतात की आमचा मेव्हणा हवेत इमले बांधतो. खोटं नाही ते. डोळ्यांवर चढवायचा तो जाड चष्मा असतो ना, त्यातून मी लोकांना अजून न बांधलेल्या फ्लॅटमधून फिरवायचो. चष्मा घातला की समोरची खरी खोली नाहीशी होते आणि मान वळवाल तिकडे दुसरीच जागा दिसते. पण गेलं वर्षभर मी ते काम करत नाही. तुम्ही विचारलंत की 'एका दवाखान्याचं काम आहे' म्हणून मोकळा होतो. कसला दवाखाना ते सांगितलं नाही, कारण तुझ्यापुढे तो शब्द काढायचा कसा, हेच मला कळत नव्हतं. बायकांचा दवाखाना. तिथल्या डॉक्टरबाईंनी मला बोलावलं. पन्नाशीच्या आहेत, बोलायला तुटक. म्हणाल्या, माझ्याकडे गर्भाशय आतून तपासायला बायका येतात, बारीक कॅमेरा घालून बघावं लागतं, अस्तराचा तुकडा काढावा लागतो. बहुतेकींना भीतीनेच अर्धं दुखतं, उरलेलं खरंच दुखतं. तेवढी पाच-सात मिनिटं त्यांचं मन दुसरीकडे नेता येईल का, ते बघा. मी मान खाली घालून हो म्हटलं. घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, तुला जमेल का हे, तू तर मेडिकलच्या दुकानातून माझ्यासाठी पॅड आणतानाही दोन पिशव्यांत गुंडाळून आणतोस.

मी एक तळं केलं. काठावर गवत, मागे झाडी, पाण्यावर हलकं धुकं, दोन-तीन जातींचे पक्षी. तपासणीच्या खोलीला लागूनच जुन्या फायलींची खोली आहे, मधे दार. मी त्या फायलींत टेबल टाकून बसायचो. माझ्या स्क्रीनवर फक्त चष्म्यातलं चित्र दिसायचं, म्हणजे पलीकडची बाई तळ्यावर कुठे बघतेय तेवढंच. ती बाई मला दिसायची नाही, नावही कळायचं नाही. चित्र अडकलं तर सुरू करायचं, एवढंच माझं काम. पहिल्या अकरा जणींत सातजणींना कमी दुखलं. तिघी म्हणाल्या चित्र छान होतं, पण दुखायचं ते दुखलंच. एकीला गरगरून उलटी झाली. त्या सातांतल्या एक आजी मी विसरणार नाही. त्यांचं तपासून झालं तरी त्या चष्म्याआडून कुरकुरत होत्या, ही झाडं लावणाऱ्याला अक्कल नाही, इतकी जवळ लावतात का, एक तरी जगेल का यातलं. सिस्टर म्हणाल्या, आजी, झालं. आजी म्हणाल्या, झालं तर झालं, मला अजून पाच मिनिटं पडू द्या, घरी कोण पडू देतंय. मी भिंतीपलीकडे हसलो. त्या दिवशी मला वाटलं की आपण काहीतरी बरं काम करतोय.

बारावी बाई आली त्या दिवशी डॉक्टरबाईंना घाई होती. बाहेर बाकावर सात-आठजणी थांबल्या होत्या. आत नेहमीचे आवाज आले, कपाट उघडल्याचा, ट्रे ठेवल्याचा, सिस्टरचा 'अजून थोडं खाली सरका'. माझ्या स्क्रीनवर तळं उजळलं. सुरुवातीला ती बाई बाकीच्या बघतात तशीच बघत होती, डावीकडे, उजवीकडे, वर. मग चित्र खाली आलं. जिथे तिचे पाय असायला हवेत तिथे. तिथे मी फक्त गवत ठेवलं होतं. तिची नजर पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली. असं चार-पाच वेळा. तिच्या बाजूने बघ, आपण आडवे पडलोय, पायाशी कोणीतरी आहे, आणि बघायला गेलं तर गवत. हे मला तेव्हा कळलं नाही, मला वाटलं चित्रात काही बिघडलंय. मी वायर चाचपली. तेवढ्यात चित्र जोरात हललं, झाडांच्या शेंड्यांवर गेलं, तिथून एका झाडाच्या बुंध्यावर आलं आणि थांबलं.

थांबलं म्हणजे अगदी थांबलं, ताई. माणूस कितीही शांत पडला तरी श्वासाबरोबर मान किंचित हलते आणि चित्र होडीसारखं वरखाली होतं. अकरा जणींचं मी ते बघितलं होतं. हे चित्र फोटोसारखं होतं. भिंतीपलीकडून सिस्टरचा आवाज आला, बघा मॅडम, किती छान शांत झाल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, हो, दोनच मिनिटं अजून. मी स्क्रीनवरचा बुंधा बघत होतो. मला माहीत होतं की ही बाई शांत झालेली नाही. तिने श्वास धरून ठेवलाय. आणि मला हेही माहीत होतं की त्या खोलीच्या दाराला मी हात लावायचा नाही. मी डॉक्टर नाही, बाई नाही, तिचा कोणी नाही. कदाचित माझं चुकत असेल. कदाचित दोन मिनिटांत सगळं संपेल आणि ती हसत बाहेर येईल, आणि मी मधे तोंड घातलं तर वर्षभराचं काम मातीत जाईल.  स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या घड्याळात मी चाळीस सेकंद जाताना बघितले. 

मग मी उठून दार वाजवलं. उघडलं नाही, वाजवलं. म्हटलं, डॉक्टर, थांबा, त्यांना त्रास होतोय.  डॉक्टरबाई कडक आवाजात म्हणाल्या, कोण आहे तिकडे, काय चाललंय. आणि त्याच वेळी त्या बाईचा आवाज आला, अगदी बारीक. थांबा. काढा हे. सगळंच काढा.

पाऊण तासाने ती कपडे करून फायलींच्या खोलीच्या दारात आली. मागे डॉक्टरबाई, चेहरा पडलेला. पंचेचाळिशीच्या आसपासची उंच बाई, ओठाला दात लागून रक्त आलेलं. मला म्हणाली, तुम्ही काय बघत होतात? मी स्क्रीन दाखवला. म्हटलं, तुम्ही कुठे बघताय एवढंच दिसतं, बाकी काही दिसत नाही, खरंच नाही. ती म्हणाली, म्हणजे माझ्याच डोळ्यांनी बघत होतात. फॉर्मवर 'तांत्रिक सहाय्य' लिहिलंय. तांत्रिक सहाय्य म्हणजे भिंतीपलीकडे एक पुरुष बसलाय, हे मला कोणी सांगितलं नाही.  गेले कित्येक महिने मी स्वतःला सांगत होतो की मला काही दिसत नाही, म्हणजे मी तिथे नाहीच. डॉक्टरबाई म्हणाल्या, तुम्ही एकदा थांबा म्हणाला असतात तर मी थांबले असते. त्यावर ती जे बोलली ते मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं. म्हणाली, म्हणणार होते हो, पण तुम्ही मला तळ्याकाठी नेऊन ठेवलंत. तिथे एक माणूस नाही. कुणाला सांगायचं?

जाताना तिने मला विचारलं, तुम्हाला कळलं कसं. मी म्हटलं, चित्र श्वासाबरोबर हलेनासं झालं म्हणून, आणि असं दुखणं मी पूर्वी एकदा ऐकलंय. कुठे, ते तिने विचारलं नाही. तू विचारणार नाहीस, कारण तुला माहीत आहे. फक्त मी ऐकलं होतं, हे तुला माहीत नाही.

एकोणीस वर्षं झाली. तुझ्या लग्नाला तीन वर्षं होऊन गेली होती, मूल होत नव्हतं, आणि गर्भनळ्यांमध्ये औषध सोडून फोटो काढायचा होता. भावोजी कामासाठी बाहेरगावी, आईला ताप, म्हणून मी तुला स्कूटरवरून नेलं. मला तेविसावं चालू होतं. वाटेत तू मला विचारलंस, मी हाक मारली तर तू येशील ना रे आत? मी म्हटलं, वेडी आहेस का, आत कोण सोडेल मला. तू हसलीस. म्हणालीस, नाही सोडलं तरी दाराशी ये. जिन्याच्या वर लांबट पॅसेज होता, हिरव्या रंगाचा, आणि एका ओळीत पत्र्याच्या खुर्च्या. मी दारासमोरच्या खुर्चीत बसलो. आधी तुझा आवाज आला, थांबा ना जरा. मग कोणीतरी म्हणालं, एवढ्याने काय होतंय, मुलं हवीत ना. मग पुन्हा तू, थांबा, थांबा ना. आणि मग तू माझं नाव घेऊन हाक मारलीस. दोनदा. समोर बसलेला एक माणूस वर्तमानपत्र खाली करून माझ्याकडे बघायला लागला. मी उठलो, ताई. मी उठलो आणि जिना उतरून खाली गेलो. स्कूटरच्या चाकातली हवा बघितली. आरसा पुसला. टपरीवर जाऊन चहा मागवला आणि तो प्यायलोही. तू कठडा धरून एकेक पायरी उतरत आलीस तेव्हा मी विचारलं, झालं? तू म्हणालीस, झालं, चल. चौकात तू मला थांबवलंस आणि म्हणालीस, मी चालत येते. मी तुला चालू दिलं.

हे एवढंच असतं तर एखादवेळेस तू मला विचारलं असतंस, आणि आपण भांडून मोकळे झालो असतो. पण त्या संध्याकाळी तू आईला सांगत होतीस की किती दुखलं, मी ओरडत होते आणि कोणी थांबलं नाही. आईने स्वयंपाकघरातून मला विचारलं, काय रे, ही एवढी ओरडत होती? आणि मी म्हटलं, मी दाराशीच होतो, मला काही ऐकू आलं नाही. आई तुला म्हणाली, बघ, तू आधीपासूनच नाजूक, जरा सहन करायला शिक. तू माझ्याकडे बघितलंस. मी टीव्हीचा आवाज वाढवला. त्यानंतर तू त्या दुखण्याबद्दल घरात एक शब्द काढला नाहीस. पुढे तुझी छोटी जन्मली तेव्हा नाइलाज होता, ओठ घट्ट मिटून गेलीस. त्यानंतर कुठल्याही अशा दवाखान्याची पायरी तू चढली नाहीस. आम्ही सगळे म्हणायचो, ताईची तब्येत मुळातच दणकट.

त्या बाराव्या बाईनंतर डॉक्टरबाईंनी चष्मा कपाटात टाकला. मला वाटलं संपलं सगळं. पण तीन आठवड्यांनी ती उंच बाईच परत आली. ती दातांची डॉक्टर निघाली. डॉक्टरबाईंपुढे बसून म्हणाली, माझ्या खुर्चीतला माणूस तोंड उघडं टाकून पडलेला असतो, त्याला बोलता येत नाही. म्हणून सुई हातात घेण्याआधी मी सांगते, हात वर केलात की मी थांबेन. आणि थांबते. एकदा नाही थांबले तर तो माणूस पुन्हा येत नाही, दात किडून जातो तरी येत नाही. तुम्ही मला गुंगवायला बघत होतात. गुंगवू नका, विचारत राहा. डॉक्टरबाईंनी सगळं कागदावर उतरवून घेतलं. त्यांचा स्वभाव बघता मला ते मोठंच वाटलं.

आम्ही दोन महिने पुन्हा खपलो. आता बाईच्या हातात एक बटण असतं. दाबलं की खोलीत घंटी वाजते, चित्र विरतं आणि डॉक्टरबाईंचे हात थांबतात, मग काहीही चालू असो. प्रत्येक गोष्ट करण्याआधी डॉक्टरबाईंचा आवाज चष्म्यात येतो, आता गार लागेल, आता कळ येईल, चालेल ना? आधी बधिर करायचं औषध देतात, ते चष्मा आहे म्हणून टाळत नाहीत. फायलींच्या खोलीतला स्क्रीन मी स्वतः उचलून आणला. बाई काय बघते ते आता कोणालाच दिसत नाही. आणि चष्मा नको असेल तर नको, त्यावरून कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही.

ती पुन्हा तपासून घ्यायला आली तेव्हा तिने मला बाहेर बसायला सांगितलं. म्हणाली, आत नको, पण लांबही जाऊ नका, मशीन बंद पडलं तर लागाल. मी पॅसेजमध्ये बसलो. दार बंद झालं. थोड्या वेळाने घंटी वाजली आणि मी ताडकन उभा राहिलो, शेजारची बाई घाबरली. पण घंटीनंतर आतून ट्रेचा आवाज आला नाही, कसलाच आला नाही. ते थांबले होते. मी बसलो. पुन्हा घंटी वाजली, पुन्हा ते थांबले, या वेळी बराच वेळ. मला वाटलं, आता ती उठून निघून जाणार. मग तिचा आवाज ऐकू आला, नीट, मोकळा. म्हणाली, हं, चला, करून टाका. बाहेर आल्यावर मी विचारलं नाही, तिनेच सांगितलं. दुखलं, म्हणाली. पण गेल्या वेळेसारखं नाही. चष्मा तिने अर्ध्यावरच काढून टाकला होता आणि उरलेला वेळ सिस्टरचा हात धरून डॉक्टरबाईंकडे बघत होती. आठवड्याने रिपोर्ट आला, काळजीचं काही नव्हतं. हे सगळं माझ्या बहिणीला लिहू का, असं मी तिला विचारलं. म्हणाली, नाव सोडून सगळं लिहा.

आता का लिहितोय ते. छोटीने मला शाळेतून फोन केला होता. म्हणाली, मामा, आईला तीन-चार महिने झाले, रक्त जायचं थांबतच नाहीये, ती टॉवेल लपवून धुते, आणि नेहमीच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली तपासणीची चिठ्ठी मला कचऱ्याच्या डब्यात चार तुकडे होऊन सापडली. तिच्यावर रागावू नकोस, ती फोनवर रडत होती. तिने ते तुकडे जोडून मला फोटो पाठवला. तीच तपासणी आहे, ताई, आत बघून अस्तराचा तुकडा काढायची. मी डॉक्टरबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, बहुतेक वेळा साधंच काहीतरी निघतं, पण बघितल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही, आणि उशीर करू नये. तू का जात नाहीस ते घरात एकट्या मलाच माहीत आहे, म्हणून हे लिहिणं माझ्यावर आलं. काल मी आईकडे गेलो होतो. तिला सांगितलं की मी खोटं बोललो होतो. ताई ओरडत होती, थांबा म्हणत होती, मला हाका मारत होती, मी सगळं ऐकलं आणि खाली निघून गेलो.  आई म्हणाली, आणि मी तिला सहन कर म्हटलं. पुढच्या गुरुवारी साडेदहाची वेळ डॉक्टरबाईंनी तुझ्यासाठी मोकळी ठेवली आहे. यायचं की नाही, चष्मा घालायचा की नाही, मधेच उठून घरी जायचं की नाही, सगळं तू ठरवायचंस. मी न्यायला येईन, आणि तू म्हणशील तिथे बसेन. माझं तोंडही बघायचं नसेल तर भावोजींबरोबर जा, फक्त जा. काल निघताना आईने मला विचारलं की गुरुवारी मी आले तर तिला चालेल का. मी म्हटलं, मला नाही माहीत, तिला विचारून सांगतो. तर तेवढं कळव.

तुझाच, तुझ्या उत्तराची वाट बघणारा,
धाकटा